दात शिवशिवतात तेव्हा आत नेमकं काय होतं

थंड पाण्याचा घोट घेतला, दातातून सणकन कळ गेली, डोळे गच्च मिटले आणि दोन सेकंदांत सगळं शांत. दुखणं इतक्या पटकन थांबतं म्हणूनच लोक वर्षानुवर्षं डॉक्टरकडे जात नाहीत, त्या बाजूने चावणं बंद करतात, कुल्फी सोडतात, पाणी कोमट करून पितात आणि आता हे असंच चालायचं असं धरून बसतात. पण याच्यावर इलाज आहे, बऱ्याच जणांना तो घरच्या घरी रोजच्या ब्रशबरोबर करता येतो, फक्त तो कसा काम करतो हे कुणी नीट समजावून सांगत नाही.

मधोमध कापलेला दात डोळ्यांसमोर आणा. वरचं पांढरं कवच म्हणजे इनॅमल, आपल्या शरीरातली सगळ्यात कठीण गोष्ट, हाडापेक्षाही कठीण. त्याच्या आत पिवळसर डेंटिन आणि मधोमध नस. डेंटिन दिसायला भरीव वाटतं पण त्यात बारीक बारीक नळ्या असतात, एका चौरस मिलिमीटरमध्ये हजारोंनी, आणि नसेजवळ त्या अजून दाट होत जातात. प्रत्येक नळीत पाण्यासारखा द्रव. इनॅमल झिजलं किंवा हिरडी खाली सरकून मूळ उघडं पडलं की या नळ्यांची तोंडं उघडी पडतात, मग थंड लागलं, गोड लागलं, नुसती हवा लागली तरी आतला द्रव हलतो आणि त्या हलण्याने नसेची टोकं डिवचली जातात, कळ येते ती तिथून. म्हणजे थंडी थेट नसेपर्यंत जात नाही, द्रवाची हालचाल जाते. 1960 च्या दशकात स्वीडनचे दंतसंशोधक मार्टिन ब्रॅनस्ट्रॉम यांनी हे प्रयोग करून दाखवलं आणि आजचे जवळपास सगळे उपचार याच कल्पनेवर उभे आहेत. शिवशिवणाऱ्या दातात अशा उघड्या नळ्या साध्या दातापेक्षा कितीतरी जास्त आणि रुंदही असतात, हे नंतर मायक्रोस्कोपखाली दिसलं.

आता करायचं काय, तर दोनच वाटा आहेत, नस शांत करा नाहीतर नळी बुजवा.

नस शांत करणारा जुना भरवशाचा गडी म्हणजे पोटॅशियम नायट्रेट. 1974 साली अमेरिकन डेंटिस्ट मिल्टन होडोश यांनी याचा उपयोग मांडला, आणि आज सेन्सिटिव्ह दातांच्या कित्येक पेस्टच्या ट्यूबवर बारीक अक्षरात 5 टक्के पोटॅशियम नायट्रेट लिहिलेलं सापडेल. पोटॅशियम हळूहळू आत मुरतं, नसेभोवती साठतं आणि नस पटकन भडकेनाशी होते. हळूहळू हा शब्द इथे फार महत्त्वाचा आहे हो, कारण लोक चार दिवस पेस्ट वापरतात आणि काही फरक नाही म्हणून जुनी पेस्ट परत आणतात. दोन ते चार आठवडे, दिवसातून दोनदा, न चुकता, तेव्हा कुठे फरक कळतो. आणि ब्रश झाल्यावर भराभर चुळा भरून सगळं धुऊन टाकू नका, फेस थुंकायचा आणि थोडा अंश दातावर राहू द्यायचा. एखादाच दात जास्त त्रास देत असेल तर रात्री झोपण्यापूर्वी बोटाने तिथे थोडी पेस्ट लावून ठेवा.

नळी बुजवणारे बरेच आहेत. स्टॅनस फ्लोराइड म्हणजे कथिलाचं फ्लोराइड आहे, 8 टक्के आर्जिनिन (एक अमिनो आम्ल) आणि कॅल्शियम कार्बोनेटवाल्या पेस्ट आहेत, आणि एक तर चक्क काच आहे, 1969 मध्ये फ्लोरिडात संशोधक लॅरी हेन्च यांनी हाडाला चिकटणारी बायोग्लास बनवली, तिचीच बारीक पूड काही पेस्टमध्ये असते, थुंकीत ती कॅल्शियम आणि फॉस्फेट सोडते आणि नळीच्या तोंडावर दातासारखाच थर चढतो. म्हणून पेस्ट घेताना जाहिरात बघू नका, ट्यूबच्या मागची यादी वाचा.

पेस्टने भागलं नाही तर डेंटिस्ट काय करतात? फ्लोराइड वार्निश लावतात, दाट चिकट, 5 टक्के सोडियम फ्लोराइडचं, लावून झाल्यावर काही तास गरम आणि कडक खायचं नाही. ग्लुटराल्डिहाइड आणि हेमा (HEMA) ही रसायनं असलेलं एक औषध आहे, ते नळीतल्या द्रवातली प्रथिनं गोठवून आतच बूच बसवतं, पण हिरडीला लागलं तर भाजतं म्हणून डॉक्टर दात कोरडा करून, कापूस लावून, थेंबाथेंबाने लावतात. दाताच्या मानेजवळ, म्हणजे हिरडीलगत, खाचच पडली असेल तर तिथे दातात भरायचं सिमेंट भरावं लागतं.

पण नळी बुजवली आणि रोज घासून परत उघडली तर काय उपयोग! सुळे आणि त्यांच्या मागच्या दातांच्या मानेवर ज्या खाचा दिसतात, त्या कडक ब्रशने आडवं खसाखसा घासलं की पडतात. खरखरीत लाल मंजन त्यात भर घालतं. आणि मिशरी, आपल्याकडे अजून कितीतरी घरांत बायका सकाळी बोटाने मिशरी लावतात, ती भाजलेली तंबाखूच आहे, हिरड्यांची वाट लावते, आणि दात शिवशिवला की बरं वाटावं म्हणून पुन्हा तीच लावली जाते, हे चक्र बघून खरंच वाईट वाटतं. मऊ ब्रश घ्या, हात हलका ठेवा. कैरी, चिंच, लिंबू सरबत, कोल्ड्रिंक झाल्यावर लगेच घासू नका, आंबटाने इनॅमल थोडं मऊ पडलेलं असतं, साध्या पाण्याने चूळ भरा आणि निदान अर्धा तास थांबा. रोज ॲसिडिटीने आंबट पाणी तोंडात येत असेल तर त्याचाही इलाज करा, नाहीतर पेस्ट एकटी किती पुरणार.

आणि एक गोष्ट पेस्ट घेण्याआधी तपासून घ्या. शिवशिवणारा दात थंडी दूर झाली की लगेच गप्प बसतो. पण गरम चहाने कळ आली आणि मिनिटभर राहिली, रात्री झोपेतून उठवणारा ठणका लागला, चावताना एकाच ठिकाणी टोचलं किंवा एकाच दातात काळा खड्डा दिसला, तर ती कीड, तडा किंवा सुजलेली नस असू शकते, तिथे कुठलीही सेन्सिटिव्ह पेस्ट चालणार नाही, त्या दाताचा एक्सरे काढून घ्या.