कपाटातला प्रबंध

(दृश्य : वडोदरा, दांडिया बाजारातलं घर. टेबलावर जाडजूड प्रबंध.)

एका सिस्टरनी एम.एस्सी. नर्सिंगसाठी लिहिलेला हा प्रबंध, जन्मल्याबरोबर बाळ आईजवळ किती वेळ राहतं यावरचा. काळं कव्हर, सोनेरी अक्षरं. एक प्रत कॉलेजच्या लायब्ररीत, एक गाईडकडे, एक इथे सिस्टरच्या घरी. परीक्षा झाली आणि तिन्ही प्रती कपाटात गेल्या. 1910 साली महाराजा सयाजीरावांनी ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना अमेरिकेहून बोलावून ज्या संस्थानात गावोगाव वाचनालयं उभी केली, तिथे हे व्हावं याचं वाईट वाटतं.

कारण यातली माहिती प्रत्येक लेबर रूममध्ये पोचायला हवी. निरोगी बाळ जन्मल्याबरोबर आईच्या उघड्या छातीवर ठेवावं, निदान तासभर हलवू नये, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. प्रत्यक्षात ते मध्येच उचललं जातं. वजन करायचंय, इंजेक्शन द्यायचंय, पुढची पेशंट दारात आलीये. कितव्या मिनिटाला उचललं, कशासाठी, कुणी सांगितलं म्हणून, हे सिस्टरनी ड्यूटीच्या वेळेबाहेर येऊन टिपलं. राउंडला येऊन जाणाऱ्याला हे दिसत नाही. बाळंतिणीजवळ जी शेवटपर्यंत उभी असते, तिलाच ठाऊक असतं.

(दृश्य : लॅपटॉप. परिच्छेद पुसले जातायत.)

आता याचा संशोधन नियतकालिकासाठी लेख होतोय. शंभरावर पानं तीन-चार हजार शब्दांत बसवायची. ‘स्तनपान म्हणजे अमृत’ इथून निघालेली प्रस्तावना पुसली. आजवर काय माहीत आहे, काय नाही, म्हणून आम्ही काय पाहिलं, एवढंच ठेवलं. निरीक्षणाच्या अभ्यासाच्या लेखात काय काय सांगायचं, त्याची ‘स्ट्रोब’ ही यादी समोर आहे. आयांच्या गुजरातीतल्या मुलाखतींसाठी तशीच ‘कोरेक’ ही 32 मुद्द्यांची यादी. एथिक्स कमिटीची मंजुरी सुरुवातीलाच घेतलेली, हे बरं; ती मागाहून मिळत नाही. ‘पैसे भरा, आठवड्यात छापतो’ असे मेल येतात, ते उघडायचेसुद्धा नाहीत.

खरा पेच लेखक म्हणून कुणाची नावं घालायची याचा. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांची आंतरराष्ट्रीय समिती चार अटी घालते : कामात भरीव वाटा, लिखाणात सहभाग, अंतिम मसुद्याला मान्यता आणि मजकुराची जबाबदारी. चारही हव्यात. नुसत्या हुद्द्यावर नाव लागत नाही. उलट, ज्या दोन स्टाफ नर्सनी रात्र रात्र जागून नोंदी केल्या आणि त्यांचा अर्थ लावायला मदत केली, त्यांना मसुद्यावर काम करायची संधी द्यायलाच हवी. आभाराच्या एका ओळीत त्यांची बोळवण करणं अन्याय आहे. सिस्टरनी मसुदा त्यांना पाठवला. दोघींनी दुरुस्त्या करून परत दिला.

(दृश्य : परीक्षकांची पत्रं.)

नियतकालिकाच्या तपासणीहून लेख परत आलाय. एका परीक्षकाने विचारलंय, रात्रपाळीत बाळ जास्त वेळ आईजवळ राहतं का? प्रश्न नेमका आहे. सिस्टर पाळीनुसार नोंदी वेगळ्या काढून नवा तक्ता मांडतायत. या महिन्यात त्यांची नाइट ड्यूटी आहे, तरी उत्तर मुदतीत जायला हवं.