धरणारा हात

[दृश्य: क्रँकच्या टोकावरचा नट. गोटी (सॉकेट) बसते, पाना ओढला जातो आणि नटासकट सगळा क्रँक गोल फिरतो.]

पहिल्यांदा दुचाकीचं इंजिन बांधायला बसलेला माणूस इथंच अडतो. नट आहे, पाना आहे, अंगात जोर आहे. पण पाना ओढला की क्रँकही, म्हणजे पिस्टन फिरवतो तो दांडाही, नटाबरोबर निघतो. त्याचा तरी काय दोष? त्याला बनवलंय फिरण्यासाठीच.

नट घट्ट करायचा म्हणजे एक गोष्ट फिरवायची आणि दुसरी फिरू द्यायची नाही. टॉर्क, म्हणजे पिळण्याचा जोर, किती, पाना कोणता, हे सगळे विचारतात. धरायचं कुठं, हे फारसं कुणी विचारत नाही. आणि इंजिनात मोडतं ते बहुतेक वेळा तिथंच.

[दृश्य: टॉर्क पाना, शेजारी क्रँकचा छोटा गिअर.]

जरा हिशोब करू. नटाला 60 न्यूटन-मीटर टॉर्क द्यायचाय. पाना 30 सेंटिमीटर लांब असेल, तर त्याच्या टोकाला साधारण 20 किलो वजन टांगल्याइतका जोर लागतो. काही विशेष नाही. आता क्रँक फिरू नये म्हणून तुम्ही त्याच्या गिअरच्या दातात काहीतरी अडकवलंत. तो दात मध्यापासून 3 सेंटिमीटरवर आहे. अंतर दहा पटीनं कमी, म्हणून जोर दहापट. तुमच्या हाताला 20 किलो जाणवतात. दात 200 किलो सोसत असतो.

म्हणून दातात स्क्रूड्रायव्हर घालायचा नाही. त्याचं पोलादही कडक, दातही कडक. दोघांपैकी एकाचा टवका उडतो. तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा तुकडा घालतात, कारण तो स्वतः चेपतो आणि दाताला वाचवतो. दोन गिअरचे दात जिथं एकमेकांत शिरतात, त्या बाजूनं तो घालायचा. नट उघडताना तुकडा खालून घातला असेल, तर घट्ट करताना तो वरून जाईल. दिशा उलटली की बाजूही उलटते. इथं भलेभले चुकतात आणि तुकडा खाली पडला की तुकड्यालाच शिव्या घालतात.

[दृश्य: क्लचच्या प्लेटा एकेक करून बाहेर येतात.]

क्लचचा नट मात्र जास्त चकवतो. क्लचमध्ये दोन भाग एकात एक असतात. बाहेरचं हाउसिंग, ज्याला क्रँकचा गिअर फिरवतो. आणि आतला हब, जो गिअरबॉक्सच्या शाफ्टवर बसतो. दोघांना जोडणाऱ्या फक्त प्लेटा. त्या काढल्या की दोघांचा संबंध संपला. आता गिअरच्या दातात तुकडा घाला नाही तर आख्खा पाना घाला, हाउसिंग जागच्या जागी थांबेल आणि हब खुशाल फिरत राहील.

तेव्हा हात शिवशिवतो. हब आणि हाउसिंगच्या कडेच्या बोटांसारख्या पट्ट्यांमधल्या फटीत काहीतरी खुपसावंसं वाटतं. मीही एकदा खुपसलं होतं. ती बोटं ॲल्युमिनियमची, ओतीव. मध्यापासून 6 सेंटिमीटरवर धरलं, तर 60 न्यूटन-मीटरला एकट्या बोटावर 100 किलो. ‘टक’ असा आवाज झाला, अगदी बारीक. नट जरासुद्धा हलला नव्हता.

योग्य उपाय साधा आहे. जुनी स्टीलची प्लेट घ्यायची आणि तिला लांब पट्टी वेल्ड करायची. प्लेटचे आतले दात हबच्या सगळ्या खाचांत बसतात, त्यामुळे भार एका जागी न येता वाटला जातो. पट्टी टेबलाला टेकली की झालं. पट्टी 30 सेंटिमीटरची असेल, तर तिच्या टोकावर तेच सुरुवातीचे 20 किलो.

इंजिन चॅसीमध्ये असेल आणि चेन चढवलेली असेल, तर तेवढीही खटपट नको. गिअर टाकायचा आणि मागचा ब्रेक कुणालातरी दाबून धरायला सांगायचं. पण पहिला गिअर नाही, शेवटचा. पहिल्या गिअरमध्ये हबवरचा टॉर्क चाकापर्यंत जाताना कितीतरी पटींनी वाढतो आणि ब्रेकला तो आवरत नाही.

[दृश्य: प्लगच्या भोकातून सुती दोर आत सरकतो.]

मॅग्नेटच्या, म्हणजे क्रँकवर बसणाऱ्या वीज बनवणाऱ्या चाकाच्या, नटासाठी पट्ट्याचा पाना बरा. फक्त पट्टा पिकअपच्या (ठिणगीची वेळ सांगणाऱ्या सेन्सरच्या) उंचवट्यावर येऊ द्यायचा नाही आणि थंड हवेची पाती धरायची नाहीत. पट्टा नसेल तर ही दोराची युक्ती. पिस्टन वर यायच्या थोडा आधी थांबवायचा, प्लगच्या भोकातून मऊ दोर भरायचा, बाहेरच्या टोकाला गाठ मारायची. क्रँक फिरू लागला की पिस्टन दोराला हेडवर (सिलिंडरच्या वरच्या झाकणावर) दाबतो आणि तिथंच थांबतो. फोर-स्ट्रोकमध्ये दोन्ही व्हॉल्व्ह बंद असायला हवेत, नाहीतर दोर व्हॉल्व्ह वाकवेल. टू-स्ट्रोकमध्ये पिस्टननं पोर्ट, म्हणजे सिलिंडरच्या भिंतीतली भोकं, झाकलेले हवेत, नाहीतर दोर पोर्टमध्ये शिरून कापला जाईल.

सिलिंडर अजून चढवलेला नसेल, तर कनेक्टिंग रॉडच्या वरच्या भोकातून दांडा घालून तो दोन लाकडी पट्ट्यांवर टेकवायचा. पिस्टनची खालची कड लाकडावर टेकवणारेही आहेत. ती कड पातळ असते. मी टेकवणार नाही.

इम्पॅक्ट गन? उघडायला उत्तम. ती इतके छोटे, वेगवान ठोके देते की भागाचं स्वतःचं वजनच त्याला बऱ्यापैकी धरून ठेवतं. पण घट्ट करताना ती किती टॉर्क देते आहे, ते तिला माहीत नसतं. तुम्हालाही नसतं.

[दृश्य: टॉर्क पाना. एक संथ ओढ. ‘कट्.’]

धरणं डळमळीत नको, याला आणखी एक कारण आहे. टॉर्कचा जेमतेम दहावा हिस्सा नटाच्या खऱ्या पकडीत जातो. बाकीचा आट्यांच्या आणि नटाच्या बैठकीच्या घर्षणातच खर्च होतो. धरलेला भाग निसटला, ओढ मध्येच थांबली, की थबकलेला नट पुन्हा हलवायलाच जादा जोर लागतो. ठरलेला टॉर्क आला असं समजून पाना ‘कट्’ म्हणतो आणि नट मात्र होता तिथंच असतो. म्हणून ओढ एका दमात.

नट सैल होऊ नये म्हणून त्याच्याखाली घातलेल्या लॉक वॉशरची कड नटाच्या सपाट बाजूवर दुमडली. आता गाठ धरून दोर बाहेर. गिअरमधला तांब्याचा तुकडा बाहेर. क्रँक हातानं दोन फेरे फिरवून बघायचा, कुठं अडतोय का. मग गॅस्केट आणि कव्हर.