दंडाच्या रांगेत शहराचा नंबर शेवटचा

अमेरिकेत लाल सिग्नलवरच्या कॅमेऱ्यांचा विषय निघाला की दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. एक, हे कॅमेरे म्हणजे पालिकांची पैसे छापायची मशीनं आहेत. दुसरं, दंडावर मर्यादा घातली तर पालिका बुडतील. हिशेब मांडला की दोन्ही वाक्यं अर्धवट निघतात. कॅमेऱ्यांमुळे अपघात कमी होतात का, हा वेगळा आणि मोठा वाद आहे. तो आज बाजूला ठेवतो. आज फक्त पैशांबद्दल बोलू, आणि सुरुवात एका पावतीपासून करू.

फ्लोरिडात २०१० च्या कायद्याने हा दंड १५८ डॉलर ठरवला. त्यातले ८३ डॉलर राज्य घेतं: ७० सर्वसाधारण तिजोरीत, १० ट्रॉमा सेंटरना, म्हणजे गंभीर जखमींवर उपचार करणाऱ्या रुग्णालयांना, ३ मेंदू आणि मणक्याच्या दुखापतींसाठी. शहराच्या हाती उरतात ७५, आणि कॅमेऱ्याचा सगळा खर्च त्यातूनच भागवायचा. कॅमेरे बहुतेक ठिकाणी खासगी कंपनी बसवते, सांभाळते, फोटो चाळून पोलिसांकडे पाठवते. फ्लोरिडात पावतीमागे कमिशन देता येत नाही, त्यामुळे महिन्याचं ठरीव भाडं असतं, एका कॅमेऱ्यामागे साधारण चार ते पाच हजार डॉलरच्या घरात.

आपण सव्वाचार हजार धरू. म्हणजे महिन्याला ५७ दंड वसूल झाले की भाडं फिटलं. नुसत्या नोटिसा पाठवून भागत नाही, पैसे जमा व्हायला हवेत. शिवाय फोटो तपासणारा पोलीस आहे, सुनावणी घेणारा अधिकारी आहे, टपाल आहे. एखाद्या कॅमेऱ्यावर महिन्याला ६० दंड वसूल होत असतील तर शहराला त्यातून जवळजवळ काहीच सुटत नाही. राज्याला मात्र त्याच कॅमेऱ्यातून ४,९८० डॉलर मिळतात, तेही भाड्याला एक सेंटही न देता.

आता समजा, लोकांचा राग शांत करायला विधिमंडळाने हा दंड ३० डॉलरने उतरवला आणि राज्याचा वाटा तसाच ठेवला. गाडीवाल्याच्या दृष्टीने दंड एक पंचमांशाने घटला. शहराचा वाटा मात्र ७५ वरून ४५ वर आला, म्हणजे तब्बल दोन पंचमांशाने. भाडं फेडायला ५७ ऐवजी ९५ दंड लागणार. दंडावर मर्यादा आली की किती कापलं यापेक्षा कुणाच्या वाट्यातून कापलं हे आधी विचारावं, असं मी म्हणतो ते यासाठी.

यावर शहराच्या अर्थसमितीतला कुणीतरी सांगतो, आमच्या करारात कलम आहे, वसुलीपेक्षा जास्त भाडं द्यायचंच नाही. असं कलम बऱ्याच करारांत असतं. पण ते नीट वाचा. पुष्कळदा थकलेलं भाडं माफ होत नाही, पुढच्या महिन्यांवर चढतं, आणि नंतर चार पैसे जास्त आले की आधी कंपनीची उधारी वळती होते.

मर्यादा घालायला दंडाला हातच लावला पाहिजे असंही नाही. जॉर्जियाने २००८ मध्ये कायदा केला की कॅमेरा असलेल्या चौकात पिवळा दिवा एक सेकंद जास्त ठेवायचा. २००९ पासून तो लागू झाला, पावत्या धडाधड कमी झाल्या, आणि अटलांटाभोवतीच्या अनेक लहान शहरांनी परवडत नाही म्हणून कॅमेरे बंद केले. उलट टोक शिकागोत दिसलं. शहराच्या कारभाराची तपासणी करणाऱ्या महानिरीक्षकांनी २०१४ मध्ये दाखवून दिलं की पिवळा दिवा तीन सेकंदांहून किंचित कमी असतानाही सुमारे ७७ हजार पावत्या फाडल्या होत्या. शंभर डॉलरप्रमाणे सुमारे ७७ लाख डॉलर झाले, सेकंदाच्या दहाव्या भागाचे!

लॉस एंजेलिसचा किस्सा तर मासलेवाईक आहे. तिथे दंड सगळे अधिभार धरून पाचशे डॉलरच्या आसपास जायचा, त्यातला मोठा हिस्सा राज्य आणि काउंटीकडे, म्हणजे जिल्ह्याकडे. पण न भरणाऱ्यांची नावं न्यायालय वाहन विभागाला कळवत नव्हतं, त्यामुळे कुणाचा परवाना की नोंदणी अडत नव्हती, मग भरायचं कोण? योजना तोट्यात गेली आणि २०११ मध्ये गुंडाळली.

सगळ्यात हुशारीने शहरांना कात्रीत पकडलं ते ओहायोने. आधी तिथल्या विधिमंडळाने कॅमेऱ्यापाशी पोलीस हजर हवाच, अशी अट घातली होती. ती राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये डेटन शहराच्या खटल्यात रद्द केली. मग २०१९ च्या कायद्यात राज्याने शहराच्या अधिकाराला हात न लावता स्वतःच्या अनुदानाला लावला. शहराने कॅमेऱ्यातून जेवढा दंड जमवला, तेवढी रक्कम राज्याकडून मिळणाऱ्या स्थानिक निधीतून वजा. शिवाय प्रकरण न्यायालयात नोंदवायचं आणि खर्चाची अनामत शहरानेच आधी भरायची. न्यूबर्ग हाइट्स हे क्लीव्हलँडला खेटून असलेलं छोटं गाव लढायला उभं राहिलं, पण २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्याची बाजू उचलून धरली. आपला पैसा कुणाला द्यायचा ते राज्यच ठरवणार, असा त्याचा मथितार्थ.

यातली मेख अशी की वजावट ढोबळ वसुलीवर होते. समजा शंभर डॉलर जमले आणि चाळीस कंपनीला गेले. हातात साठ आले, अनुदान शंभराने घटलं. पूर्वी ज्या दंडाने तिजोरी भरायची, त्याच दंडामागे आता खिशातले चाळीस जातात. अनुदान शिल्लक आहे तोवर जास्त वसुली म्हणजे जास्त तोटा. कॅमेऱ्यावर बंदी नाही, दंडही कमी केलेला नाही, तरी शहर आपणहून कॅमेरे उतरवेल.

बंद करणंही फुकट होत नाही. ह्यूस्टनच्या मतदारांनी २०१० मध्ये कॅमेरे नाकारले. कंपनीशी करार मुदतीआधी मोडला म्हणून वाद झाला आणि २०१२ मध्ये शहराने सुमारे ४८ लाख डॉलरवर तडजोड केली.

त्याच टेक्सासने २०१९ मध्ये राज्यभर बंदी घातली. तिथे दंड ७५ डॉलर होता. खर्च वजा जाता अर्धी रक्कम राज्याच्या ट्रॉमा निधीला जायची, अर्धी शहराला, आणि शहराने ती वाहतूक सुरक्षेवरच खर्च करायची. त्याच अधिवेशनात दुसऱ्या एका कायद्याने वाहतुकीच्या इतर गुन्ह्यांवर लागणारा राज्याचा दंड ३० वरून ५० डॉलर केला आणि ट्रॉमा निधीची सोय पाहिली. शहरांच्या अर्ध्या वाट्याची भरपाई बंदीच्या कायद्यात नव्हती. जुने करार असलेल्या काही शहरांना मुदत संपेपर्यंत कॅमेरे चालवायची मुभा मिळाली खरी, पण दंड थकवणाऱ्याची गाडीची नोंदणी अडवायची सोय काढून घेतली. म्हणजे कॅमेरा चालू, करार चालू, आणि दंड भरायचा की नाही हे गाडीवाल्याच्या मर्जीवर.