वर्गाच्या मागच्या बाजूला एक खुर्ची

नमस्कार. जिल्हा परिषदेच्या शाळेत नुकत्याच रुजू झालेल्या शिक्षणसेविकेला, म्हणजे कायम होण्याआधी मानधनावर शिकवणाऱ्या शिक्षिकेला, एखाद्या मुलाच्या दिव्यांगत्वाची नोंद दिसते, तेव्हा तिच्यापुढचा प्रश्न अगदी साधा असतो: उद्या सकाळी या मुलाला मी काय आणि कसे शिकवू? आज आपण तिला या प्रश्नात कोणी आणि कशी मदत करावी, एवढेच पाहणार आहोत.

कायद्याने तिच्यावरची जबाबदारी वाढवली आहे. १९९५च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे ७ प्रकार होते, २०१६च्या कायद्यात ते २१ झाले आणि स्वमग्नता, अध्ययन अक्षमता असे सहजी नजरेस न येणारे प्रकारही त्यात आले. डी.एल.एड. किंवा बी.एड. करताना तिने या व्याख्या लिहिलेल्या असतात. वर्गात मात्र व्याख्येपेक्षा वेगळेच काही लागते.

श्रवणयंत्र वापरणाऱ्या मुलाचे उदाहरण घेऊ. यंत्र बसवले की मुलाला आपल्यासारखे ऐकू येते, अशी अनेकांची समजूत असते. प्रत्यक्षात बाईंच्या आवाजाबरोबर पंख्याची घरघर, बाक सरकल्याचा आवाज आणि पावसाळ्यात पत्र्यावरचा मारा हेही त्याच्या कानात शिरते, त्यामुळे ते मूल बोलणाऱ्याच्या ओठांकडे पाहून उरलेला अर्थ लावते. बाई फळ्यावर लिहिता लिहिता पाठमोऱ्या बोलल्या की तो आधार जातो. खिडकीला पाठ करून उभ्या राहिल्या, तर मागून येणाऱ्या उजेडामुळे चेहरा अंधारात जातो. उपाय सोपा आहे: आधी लिहून घ्यावे, मग वर्गाकडे वळून बोलावे. हे प्रशिक्षणात दोन मिनिटांत सांगता येते, पण बोलताना आपण फळ्याकडे वळतो हे बोलणाऱ्याच्या लक्षातच येत नाही. ते वर्गात मागे बसून पाहणाऱ्याला दिसते.

म्हणूनच मागच्या बाजूला एक खुर्ची हवी, असे माझे म्हणणे आहे. समग्र शिक्षा या शासकीय योजनेतले, दिव्यांग मुलांसाठीचे विशेष शिक्षक शाळेत येतात, तेव्हा पुष्कळदा मुलाला व्हरांड्यात घेऊन बसतात आणि भेटीची नोंद करून पुढच्या शाळेला निघतात. दोष त्यांचा नाही, एकेकाकडे शाळाच पुष्कळ असतात. प्राथमिक स्तरावर १० आणि त्यापुढे १५ विशेष गरजा असलेल्या मुलांमागे एक विशेष शिक्षक असावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितले होते. ते प्रमाण गाठले जाईपर्यंत मिळणारा तासभर मुलासोबत वेगळे बसण्यापेक्षा एक तासिका पाहण्यात आणि उरलेला वेळ बाईंबरोबर उद्याच्या पाठाची आखणी करण्यात घालवावा, कारण ते मूल बाकीचे सगळे दिवस बाईंसमोरच बसणार असते.

यात एक अडचण आहे आणि ती फारशी बोलली जात नाही. शिक्षणसेवकाचा काळ तीन वर्षांचा असतो. प्राथमिकचे मानधन २०२३ पासून ६,००० रुपयांवरून १६,००० झाले हे चांगलेच, पण ज्याला अजून कायम व्हायचे आहे तो माणूस वरिष्ठांसमोर ‘मला हे जमत नाही’ असे कसे म्हणेल? त्यामुळे मदतीला बसणाऱ्याने शेरा लिहू नये आणि शेरा लिहिणाऱ्याने ती भेट मदतीची म्हणू नये. द्विशिक्षकी शाळेत दुसरे शिक्षक म्हणजे मुख्याध्यापकच, आणि ते पोषण आहार व ऑनलाइन माहितीत अडकलेले असतात. तेथे केंद्रातल्या, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटातल्या, शेजारच्या शाळेतील अनुभवी शिक्षकाला महिन्यातून एक दिवस बोलावता येईल.

केंद्रातील शिक्षकांची दरमहा बैठक होते, त्या शिक्षण परिषदेतही थोडा बदल करता येईल. व्याख्यानाऐवजी अर्धा तास एका मुलाची वही, नाव झाकून, सर्वांसमोर ठेवावी. ‘ब’ आणि ‘व’ यांची अदलाबदल कुठे होते, कोणत्या ओळीनंतर अक्षर विस्कटते, हे पाहावे. निदान करणे तज्ज्ञांचे काम आहे, ते तेथे करू नये. मग उद्याच्या पाठात कोणता एक बदल करायचा ते बाईंनीच ठरवावे, आणि पुढच्या महिन्यात तीच वही घेऊन परत यावे.