मादी कॉकटील घेताना

नमस्कार मंडळी, आज कॉकटील या पाळीव पोपटाबद्दल बोलायचंय आणि तेही मुद्दाम मादीबद्दल, कारण बरेच जण ब्रीडरकडे, म्हणजे पक्षी वाढवून विकणाऱ्याकडे, जाऊन सरळ सांगतात की आम्हाला मादी द्या, ती शांत असते, कमी ओरडते. ते बऱ्यापैकी खरंही आहे, शीळ घालायची हौस नराला जास्त असते. पण मादी अंडी घालते, नर नसला तरी घालते, आणि तिच्या तब्येतीचं निम्मं गणित तिथेच असतं. ते ब्रीडरला विचारायचं मात्र राहून जातं.

आधी एक सांगते. आपला रानातला हिरवा, लाल चोचीचा, गळ्यात कंठ असलेला पोपट घरात ठेवायचाच नाही, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार तो गुन्हा आहे, पिल्लू असल्यापासून वाढवलाय म्हणून सूट मिळत नाही. म्हणून मी बोलतेय कॉकटीलबद्दल, मूळ ऑस्ट्रेलियाचा, डोक्यावर तुरा आणि गालावर नारिंगी ठिपका असलेला. आफ्रिकन ग्रे किंवा कनूर असा दुसरा परदेशी पोपट घ्यायचा असेल तर सरकारच्या परिवेश पोर्टलवरच्या नोंदणीचे कागद मागा, कागद नसतील तर पक्षी कितीही गोड असू दे, घेऊ नका.

आता मादी ओळखायची कशी? राखाडी कॉकटीलची सगळी पिल्लं दिसायला मादीसारखीच असतात बघा. पहिली पिसं गळून नवी यायला लागली की, म्हणजे साधारण सहा महिन्यांनंतर, नराचा चेहरा पिवळाधमक होतो आणि शेपटीखालचे पट्टे जातात, मादीचा चेहरा फिकाच राहतो आणि शेपटीखाली पिवळट आडवे पट्टे तसेच दिसतात. त्यामुळे अडीच महिन्यांचं पिल्लू दाखवून कुणी म्हणालं की ताई ही शंभर टक्के फीमेल, तर तो नुसता अंदाज असतो. ल्युटिनो म्हणजे पिवळट-पांढऱ्या आणि पाईड म्हणजे ठिगळाठिगळांच्या रंगाच्या कॉकटीलमध्ये तर मोठेपणीही फसायला होतं. डीएनए टेस्ट करून घ्या, छातीची दोन-चार ताजी उपटलेली पिसं किंवा रक्ताचा एक थेंब पुरतो, आणि रिपोर्टवरचा नंबर पायातल्या रिंगवरच्या नंबराशी जुळतोय का ते स्वतः वाचा. ती रिंग अखंड असली पाहिजे, म्हणजे पिल्लू आठ-दहा दिवसांचं असतानाच पायात चढवलेली, मोठ्या पक्ष्याच्या पायात ती जातच नाही.

मोठी मादी घेत असाल तर माझा आग्रह आहे की रंग बघायच्या आधी अंड्यांचं विचारा. हिने अंडी घातलीत का, किती वेळा, कधी अंडं अडकलं होतं का, कवच मऊ आलं होतं का? आणि ही ब्रीडिंगमधून काढलीय का, काढली असेल तर का? वर्षातून दोनदा पिल्लं काढणं ठीक आहे, पण अंडी घालायचा बॉक्स बाराही महिने लावून ठेवलेला असेल आणि खायला फक्त बाजरी, राळं, सूर्यफूल, तर त्या मादीच्या हाडांतलं कॅल्शियम अंड्यांच्या कवचात गेलेलं असतं. चांगला ब्रीडर या प्रश्नांना कंटाळत नाही, उलट तोच तुम्हाला विचारतो की घराजवळ पक्ष्यांचा डॉक्टर आहे का. जो उडवून लावतो त्याच्याकडून मी तरी घेणार नाही.

मग पक्षी बघा, पण लगेच हातात घेऊ नका. दहा-पंधरा मिनिटं लांब उभं राहा, कारण पक्षी आजार लपवतो, अनोळखी माणूस जवळ आला की आजारी पक्षीसुद्धा ताठ बसतो आणि तुम्ही जरा बाजूला झालात की पुन्हा पिसं फुगवून डोळे मिटतो. प्रत्येक श्वासाला शेपटी खालीवर होतेय का बघा, होत असेल तर श्वासाचा त्रास आहे. नाकपुड्या कोरड्या आणि मोकळ्या हव्यात, पंख लोंबलेले नकोत. नंतर ब्रीडरलाच पक्षी धरायला सांगा आणि छातीच्या मधल्या हाडावरून हळूच बोट फिरवा. दोन्ही बाजूंना मांस भरलेलं लागलं पाहिजे, हाड सुरीच्या पात्यासारखं टोचलं तर पक्षी खंगलाय. शेपटी वर करून शीची जागा बघा, तिथली पिसं चिकटलेली किंवा ओली नकोत, आणि मादीच्या बाबतीत पोटाचा खालचा भाग फुगलेला, ताणलेला नको. वजन करायला सांगा, स्वयंपाकघरातला ग्रॅमचा काटासुद्धा चालतो, मोठी कॉकटील साधारण ऐंशी ते शंभर ग्रॅम भरते.

आणि हँडफीडिंग चालू असलेलं, म्हणजे अजून माणसाने हाताने भरवावं लागणारं पिल्लू तर अजिबात घेऊ नका, स्वस्तात दिलं, पक्कं माणसाळेल म्हणाले तरी. भरवायचा पातळ फॉर्म्युला जास्त गरम झाला की पिल्लाची अन्नाची पिशवी आतून भाजते, थंड झाला की अन्न आत सडतं, नवख्या माणसाने हे करूच नये. स्वतः दाणे फोडून खाणारंच पिल्लू घ्या.

घरी दुसरे पक्षी असतील तर महिनाभर तिला वेगळ्या खोलीत ठेवा आणि पहिल्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा, शीची तपासणीही करून घ्या, सिटाकोसिससारखा आजार पोपटाकडून माणसालाही होतो. पिंजऱ्यात कटलबोन, म्हणजे समुद्रफेन, कायम लटकवा, पालेभाज्या द्या, आणि सकाळचं ऊन द्या पण काचेतून नाही, काचेतून आलेल्या उन्हाचा ड जीवनसत्त्वासाठी उपयोग होत नाही. घरट्यासारखा बॉक्स, मडकं, आरसा काही ठेवू नका, रात्री दहा-बारा तास अंधार असू दे.

एवढं करूनही तिने अंडी घातलीच तर लगेच काढून टाकू नका हं, काढली की ती भरपाई म्हणून आणखी घालत सुटते. तीनेक आठवडे तिथेच राहू द्या, तिचा तिलाच कंटाळा येऊन ती उठते. पण ती पिंजऱ्याच्या तळाशी पिसं फुगवून बसलीय, जोर लावतेय आणि अंडं येत नाहीये असं दिसलं तर घरगुती उपाय, तेल-बिल करत बसू नका, उद्या सकाळी बघू असंही म्हणू नका, अंडं अडकणं ही तिच्या जिवावरची गोष्ट आहे, त्याच तासाला डॉक्टरकडे न्या. म्हणून पक्ष्यांच्या डॉक्टरचा नंबर आधी शोधून ठेवा आणि मगच ब्रीडरकडे जा.