सहा विरुद्ध शून्य

(दृश्य : सकाळ. जिनिंगच्या फाटकाबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग.)

यवतमाळ जिल्हा. वेचणीचे दिवस. सरकारी खरेदीत कापसाचा ओलावा मोजतात. ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण हमीभाव, तिथून १२ पर्यंत कपात, त्यावर गेला की गाडी परत. पाणी मारलं की कापसाचं वजन वाढतं, हे इथल्या लहान पोरालाही सांगावं लागत नाही.

(दृश्य : शाळेची मागची खोली. टेबलावर अर्धा उघडलेला रोबोट.)

फाटकापासून शाळा पायी दहा मिनिटांवर. नववी-दहावीची आठ मुलं इथे रोबोट बांधतायत. दिवसा लाईन असेलच असं नाही, म्हणून बॅटऱ्या रात्री कुणाच्या तरी घरी चार्ज होऊन येतात. स्पर्धा पुढच्या आठवड्यात आहे. सरांनी जुन्या स्पर्धांचे नियम वाचायला दिले होते. त्यातून एका मुलाने एक गोष्ट हुडकून आणली.

"सर, इथं त हारूनही नंबर वर जाते!"

त्याचं वाचन बरोबर होतं.

वर्ष २०१०. अमेरिकेत सुरू झालेली फर्स्ट रोबोटिक्स स्पर्धा, त्या वर्षीचा खेळ 'ब्रेकअवे'. रोबोटचा फुटबॉलच म्हणा. तीन टीम एका बाजूला, तीन दुसऱ्या. जोडीदार कोण, हे वेळापत्रक ठरवणार. या सामन्यातला सोबती पुढच्या सामन्यात समोर उभा असू शकतो. पात्रता फेरीचा क्रमांक किती सामने जिंकले यावर नव्हे, साठलेल्या गुणांवर. सुरुवातीच्या नियमाप्रमाणे, दंड बाजूला ठेवला तर, जिंकणाऱ्याला स्वतःचा स्कोअर आणि वर हरणाऱ्याच्या स्कोअरची दुप्पट. हरणाऱ्याला जिंकणाऱ्याचा स्कोअर.

(दृश्य : फळा. खडूने मांडलेले आकडे.)

मुलांनी फळ्यावर मांडून पाहिलं. सामना १०-२ सुटला, तर जिंकणाऱ्यांना १४, हरणाऱ्यांना १०. आता समजा, हरणाऱ्या तिघांनी आधीच ओळखलं की आपला निभाव लागत नाही, आणि तेही समोरच्यांसाठीच गोल मारू लागले. स्कोअर १४-०. गुण सगळ्यांना १४. जिंकणाऱ्यांचं काही गेलं नाही, हरणाऱ्यांना ४ जास्त मिळाले. सहाही रोबोट एका बाजूने, दुसऱ्या बाजूने कुणीच नाही. गुण वाढवायचे कशाला? तर वरच्या आठ टीमना पुढच्या फेरीसाठी जोडीदार निवडायचा मान मिळतो.

नियम करणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. समोरच्याला चिरडू नका, चुरशीने जिंका, असं त्यांना सांगायचं होतं. नियमाचं गणित मात्र भलतीकडेच घेऊन गेलं.

खोलीत वाद पेटला. एकाचं म्हणणं, "नियमात बसते ना? मंग चूक काऊन?" दहावीतली एक मुलगी तडक म्हणाली, "कापसावर पानी मारनं अन् हे, एकच हाय."

मला तिचं म्हणणं पूर्ण पटत नाही. पाणी मारणारा लपवून मारतो आणि घेणाऱ्याला फसवतो. इथे गणित उघड्या नियमात होतं, कुणीही करू शकत होतं. मुलांनी नियम इतक्या बारकाईने वाचावा, याचा तर मला अभिमानच वाटतो. फक्त आपल्या बाजूच्या तिघांनी मिळून आखलेला डाव, कितीही तिरपा असला, तरी तो डावच आहे.

पण समोरच्या टीमच्या टेबलावर जाऊन "तुम्ही खेळू नका, दोघांचा फायदा आहे" म्हणणं वेगळं. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये महिला दुहेरी बॅडमिंटनच्या चार जोड्या मुद्दाम हरायला खेळल्या. पुढच्या फेरीत सोयीचा प्रतिस्पर्धी मिळावा म्हणून. सर्व्हिस जाळ्यात मारत होत्या, प्रेक्षक हुर्यो करत होते. चारही जोड्या, चीनची एक, दक्षिण कोरियाच्या दोन, इंडोनेशियाची एक, बाद झाल्या. गटाची रचनाच अशी होती की हरण्यात फायदा होता. तरीही बाद खेळाडूच झाल्या, आणि ते मला योग्य वाटतं.

(दृश्य : मुलगी रोबोटच्या चाकाचा नट आवळते आहे.)

सहाजणांच्या त्या सौद्यात मला दिसते ती सहावी टीम. पाचजणांचं ठरलेलं असतं, फक्त हिचा होकार राहिलेला असतो. नाही म्हणावं तर उद्या यांच्यातलंच कुणी आपला जोडीदार असेल, आपल्याला निवडणारंही असेल. अशा वेळी दिलेल्या होकाराला होकार म्हणायचं का? आणि ती टीम अशाच एखाद्या गावाहून आलेली असेल तर? अशा लहान स्पर्धेत वाट्याला येणार पाच-सहा सामने, एकेक जेमतेम अडीच मिनिटांचा. वर्गणीतून घेतलेली मोटर चालते की नाही, हे कळायची जागा तीच. एका दिवसाची मजुरी बुडवून आलेली आई बाकावरून पाहते, की पोरीचा रोबोट दुसऱ्याच्या बाजूने गोल मारतोय. तिला काय सांगायचं?

फर्स्टच्या नंतरच्या नियमपुस्तकांत एक कलम आलं : ज्या आघाडीत (एका बाजूने खेळणाऱ्या तीन टीम) तुम्ही नाही, तिला कुवतीपेक्षा कमी खेळायला उद्युक्त करायचं नाही. स्वतःच्या आघाडीची रणनीती मोकळी ठेवली आहे. मला वाटतं, रेघ बरोबर जागी ओढली.

सरांनी निवाडा दिला नाही. फळा पुसला, आणि विचारलं, "कोणी हे सांगायला आपल्या टेबलावर आलं, तर बोलणार कोण?"

कुणी हात वर केला नाही. मग त्याच मुलाने केला, ज्याने ते गणित हुडकलं होतं.

(दृश्य : स्पर्धेचा दिवस. भिंतीवर सामन्यांचं वेळापत्रक. मुलं बोट फिरवत आपलं नाव शोधतायत.)

पहिला सामना, जोडीला एक अनोळखी शाळा. मुलगी वही घेऊन त्यांच्या टेबलाकडे निघाली आहे. वहीत वर तीन प्रश्न लिहिलेत : तुमचा रोबोट काय उचलतो? बॅटरी किती टिकते? तुमाले कोन्या बाजूनं खेळाले आवडते?