आधी मोजणारा वायरमन

अध्यक्षमहोदय, आणि इंदूरच्या रामबाग, नारायणबाग व लोकमान्य नगरातून मुद्दाम आलेल्या बंधुभगिनींनो,

जुन्या घरातले धोकादायक वायरिंग नीट करायला भरवशाचा वायरमन कसा शोधावा, हा विषय मला दिलेला आहे. आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनचा ट्रेड मी अनेक वर्षे शिकवला. कामाची रक्कम सांगण्याआधी जो घराचे वायरिंग मोजून पाहतो, त्याच्याच हाती घर द्यावे, असे माझे ठाम मत आहे, आणि ते आमच्या आत्याच्या घरातल्या एका प्रसंगाने झाले आहे.

आत्याचे रामबागेतले घर तिच्या सासऱ्यांनी बांधलेले. लाकडी पट्ट्यांतून गेलेल्या, सुती विणीच्या आवरणाच्या रबरी तारा आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिल्या असतील; तेच वायरिंग तिथे होते. असे रबर वर्षानुवर्षे उष्णता सोसून कडक होते आणि तार जरा वाकवली की त्याचा भुगा पडतो. त्या काळच्या पद्धतीप्रमाणे घराची अर्थिंगची, म्हणजे गळणारी वीज जमिनीत सोडणारी, तार नळाच्या लोखंडी पाइपाला पट्टीने आवळलेली होती. पाइप जमिनीतून दूरवर गेलेला असल्यामुळे तेव्हा ते चालून गेले. पुढे रस्त्यातली लाइन बदलून प्लास्टिकची आली, आणि घरातला लोखंडी पाइप जमिनीपासून तुटला, हे मात्र कोणाच्याच ध्यानात आले नाही.

एका पावसाळ्यात मोरीतल्या नळाला हात लावला की आत्याला झिणझिण्या येऊ लागल्या. पहिल्या वायरमनने नळाला टेस्टर लावला, दिवा पेटलेला पाहिला आणि "सीलन है, बरसात के बाद ठीक हो जाएगा" असे सांगून तो गेला. दुसऱ्याने जे केले त्याचा राग माझ्या मनातून आजही गेलेला नाही. त्याने नळाला बांधलेली अर्थिंगची तार कापली. झिणझिण्या त्याच क्षणी थांबल्या, घरच्यांनी त्याला चहा पाजला, वर पैसे दिले आणि शेजारीपाजारी त्याचे नाव सुचवले.

मुळात वॉशिंग मशिनच्या आत वीज गळत होती. ती तीन पिनांच्या प्लगमधून अर्थिंगच्या तारेत, तारेतून पाइपात आणि पाइपातून नळापर्यंत येत होती. तार कापल्यावर नळ निर्धोक झाला, पण गळणाऱ्या विजेला वाट न उरल्यामुळे मशिनचा पत्राच जिवंत झाला. काही महिन्यांनी आत्याने ओल्या हातांनी मशिनचे झाकण धरले, ती फेकली गेली आणि तिचे मनगट मोडले. जमीन कोरडी होती म्हणून तेवढ्यावर निभावले. बोर्डावरची फ्यूज जशीच्या तशी होती, कारण ५ अँपिअरची फ्यूज म्हणजे ५,००० मिलिअँपिअरची वाट, आणि माणसाच्या हृदयाला त्याचा शंभरावा हिस्साही घातक ठरू शकतो.

तिसरा वायरमन आला तेव्हा मी तिथे होतो. त्याने मेन स्विच बंद केला, दिवे-पंखे-उपकरणे वेगळी केली, मेगर, म्हणजे तारांचे आवरण वीज किती अडवते हे मोजणारे यंत्र, काढले आणि ५०० व्होल्टवर एकेक सर्किट तपासले. किमान १ मेगओहम हवे असताना स्वयंपाकघराच्या सर्किटचा आकडा त्याच्या कितीतरी खाली आला. तो आकडा त्याने आम्हांला दाखवला, वहीत लिहिला आणि त्यानंतरच खर्चाची गोष्ट काढली.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. दहाच मिनिटे उरली आहेत, त्यामुळे वायरमन कसा पारखावा, हा मूळ भाग मला घाईने सांगावा लागेल. नियमानुसार दिवा, पंखा, फ्यूज, स्विच बदलण्यापलीकडचे वायरिंगचे काम परवानाधारक ठेकेदारामार्फतच व्हायला हवे, म्हणून वायरमनकडे त्याचे सरकारी परमिट मागून पाहा. ज्याला त्याचा राग येतो त्याला परत पाठवा. अर्थिंग कुठे आहे, हे त्याला तुम्ही विचारा. तो शोधायला निघाला, नळाकडे बोट दाखवून थांबला नाही, तर पुढे बोला. स्विच फेजवर, म्हणजे वीज आणणाऱ्या तारेवर, आहे की न्यूट्रलवर, म्हणजे परतीच्या तारेवर, हे त्याने स्वतःहून पाहायला हवे. जुन्या बोर्डांत न्यूट्रललाही फ्यूज असते आणि ती उडाली की दिवा विझतो, पण होल्डरमध्ये फेज तशीच राहते. ती फ्यूज काढून तिथे न्यूट्रल थेट जोडायला सांगा.

३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच, बसवून घ्या. ती वारंवार पडते म्हणून तिला वळसा घालून तार जोडून देणारा माणूस आमच्या आत्याच्या दुसऱ्या वायरमनचाच भाऊ समजा. ती पडते तेव्हा कुठेतरी वीज गळत असते, ती जागा शोधणे हेच त्याचे काम आहे. टेस्टचे बटण दाबल्यावर ती पडली, तरी त्यावरून अर्थिंग ठीक आहे असे समजू नका, कारण ते बटण अर्थिंग नसतानाही चालते. काम झाल्यावर प्रत्येक सर्किटचा नवा आकडा, तारीख आणि सही असलेला कागद बोर्डाच्या झाकणाआड चिकटवून घ्या.

मेगर मी बरोबर आणले आहे, आणि आत्याच्या घरातून निघालेल्या रबरी तारेचा हातभर तुकडाही. चहाच्या वेळी टेबलाजवळ या; ती तार वाकवून पाहा.